शकुनच्या मशीनची पेटी

राजापेठ, अमरावती
२० ऑक्टोबर १९५९

चि. कौशल्या,

आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. शकुनला अकोल्याच्या शिवणवर्गात प्रवेश मिळाला हे वाचून फार बरे वाटले. तुझी शिवणाची हातमशीन तू परत मागितली आहेस. मशीन तुझीच आहे, त्यात विचारायचे काय? जावईबुवा गेल्यावर तू अकोल्याला बिऱ्हाड हलवलेस, तिथे जागा नाही म्हणून ती आमच्याकडे ठेवलीस. चार वर्षे ती मधल्या खोलीत फडके पांघरून बसली आहे. तुझी वहिनी अधूनमधून तिला तेल देते.

पाठवायला माझी ना नाही. पण कशी पाठवायची, याचा विचार मी जरा निराळा करतो आहे. जूनमध्ये मी सेवानिवृत्त झालो. तेहतीस वर्षे तहसील कचेरीत मी लोकांच्या कागदांवर शेरे लिहिले. त्यातला एकही शेरा आज मला हातात धरून बघता येत नाही. ऑगस्टमध्ये मी एक खुंटी केली. स्वतः, रंध्याने लाकूड तासून. ती भिंतीत ठोकून तिला टोपी अडकवली, तेव्हा जे समाधान झाले ते मला हेडक्लार्क झालो त्या दिवशीही झाले नव्हते. (खुंटी संध्याकाळी टोपीसकट खाली आली, पण तो भिंतीचा दोष.) आपल्या हाताने, आपल्या घरी, आपल्याला लागणारी वस्तू करणे यात माणसाचे खरे माणूसपण आहे, असे माझे मत झाले आहे.

म्हणून तुझी मशीन मी बाजारातल्या कसल्याशा खोक्यात पाठवणार नाही. तिच्यासाठी मी स्वतः सागवानी पेटी करीन. फार तर आठवड्याचे काम आहे. शकुनला सांग, मामा पेटी करतो आहे.

तुझा,
खुशालराव


अकोला
२९ ऑक्टोबर १९५९

ती. दादांस कौशल्याचा नमस्कार.

खुंटीचे वाचून आनंद झाला. टोपीला लागले नाही ना?

दादा, पेटी नको. मशीन गोणपाटात गुंडाळा, सुतळीने बांधा आणि अकोल्याला येणाऱ्या कोणाच्याही सोबत गाडीत बसवून द्या. ती लोखंडाची आहे, काचेची नाही.

घाई का करते ते सांगते. शकुनची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. तिथे घरी शिवलेले नऊ कपडे दाखवावे लागतात. झबल्यापासून सदऱ्यापर्यंत. वर्गात सोळा मुली आणि तीन मशिनी आहेत, शकुनच्या वाट्याला दिवसाचा अर्धा तास येतो. त्या अर्ध्या तासात दोरा ओवून होईपर्यंत पुढची मुलगी मागे येऊन उभी राहते. पास झाली तर मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी मिळेल. नाही झाली तर तिच्या काकांनी स्थळ पाहून ठेवले आहे. बिजवर आहे, दोन मुले आहेत, शकुनपेक्षा अठरा वर्षांनी मोठा. निकाल लागेपर्यंत थांबतो असे काकांनी कबूल केले आहे, तेही तोंड वाकडे करून. शकुन रडत नाही, तुम्हाला तिचा स्वभाव माहीत आहे. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, मले एकडाव माह्या पायावर उभी राहू दे. मंग काका म्हनतीन तसं."

तेव्हा दादा, मशीन लवकर पाठवा. वहिनींना नमस्कार.

तुमची,
कौशल्या


राजापेठ, अमरावती
२८ नोव्हेंबर १९५९

चि. कौशल्या,

आशीर्वाद. पेटीचे काम उत्तम चालू आहे. लाकूड आले आहे. ते अजून ओले आहे म्हणून वाळत घातले आहे. दरम्यान हात रिकामे नकोत म्हणून मी साबण केला. फेस कमी आहे, पण जोर फार. तुझ्या वहिनीच्या हिरव्या लुगड्याचा रंग त्याने एका धुण्यात काढला. बाजारच्या साबणाला हे साधणार नाही.

आमच्या गल्लीतला नत्थुजी सुतार लाकूड बघायला आला होता. म्हणाला, "भाऊसाहेब, मले द्या. दोन घंट्यात पेटी करून देतो, पैसे बी नोको." मी त्याला शांतपणे म्हटले, "नत्थुजी, तू पोटासाठी करतोस. मी समाधानासाठी करतो." तो बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. विचार त्याच्या मनाला लागला असावा. मग त्याने माझी पटाशी उचलली, धारेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली.

मापाचा मात्र मोठा घोळ झाला. नत्थुजीची पट्टी इंचाची. सरकार म्हणते आता मीटर येणार. आज इंचाने केलेली पेटी उद्या बेकायदा ठरली तर? मी कचेरीतला माणूस, मला असले दूरचे दिसते. तेव्हा मी वितेने मोजायचे ठरवले. वीत कोणत्याही सरकारला बदलता येत नाही. तुझी मशीन लांबीला दोन विती चार बोटे, रुंदीला एक वीत दोन बोटे आणि उंचीला दीड वीत आहे. वहीत टिपून ठेवले आहे.

शकुनला सांग, घाई हा आजच्या तरुण पिढीचा रोग आहे.

तुझा,
खुशालराव


अकोला
११ जानेवारी १९६०

ती. दादांस नमस्कार.

तुमचे पत्र येऊन दीड महिना झाला. लाकूड वाळले असेल. आमच्याकडे तर जे ओले असते ते चुलीत घालावे लागते.

हाताने वस्तू करण्याच्या समाधानाबद्दल तुम्ही दोन्ही पत्रांत लिहिलेत, म्हणून मी मनाशी आठवून पाहिले. दिवाळीपासून आजपर्यंत मी दोन गोधड्या शिवल्या, एक सासूबाईंसाठी आणि एक शेजारच्या बाळंतिणीसाठी. वाती वळल्या त्या किती ते देवालाच ठाऊक. दोन मडकी लोणचे घातले. चुलीचा एक बाजूचा कठडा ढासळला तो माती कालवून पुन्हा घातला. परसात न्हाणीसाठी तुराट्यांचा आडोसा बांधला. काल सासूबाईंच्या खाटेची सैल झालेली सुतळी सगळी उसवून नव्याने विणली. उन्हाळा आला की शेवया, कुरड्या, पापड आहेतच. या सगळ्याला आम्ही आजवर काम म्हणत होतो. याला समाधान म्हणतात हे मला तुमच्या पत्रावरून कळले. वहिनींनाही सांगा, त्यांनाही कोणी सांगितले नसेल.

नऊपैकी शकुनचे दोन कपडे झाले आहेत. वर्गाबाहेर शेजारच्या बाईंची मशीन एक तास मिळत होती. त्यांच्या घरी आता लग्न निघाले, त्यामुळे तीही गेली. येत्या रविवारी, सतरा तारखेला, शकुनलाच तुमच्याकडे पाठवते. तिच्याजवळ मशीन द्या. पेटी झाली असेल तर पेटीत, नसेल तर तशीच. सोबत तिळगूळ पाठवते आहे.

कौशल्या


राजापेठ, अमरावती
२० जानेवारी १९६०

चि. कौशल्या,

आशीर्वाद. अक्षर जरा वाकडे आले आहे. बोरू मी स्वतः तासला आहे, त्याला अजून माझ्या हाताची सवय व्हायची आहे.

रविवारी शकुन आली. मुलगी फार गुणी आहे, तू तिला चांगले वळण लावले आहेस. मी तिला पेटीची तयारी दाखवली. फळ्या रंधून ठेवल्या होत्या, फक्त कापायच्या राहिल्या होत्या. मी तिला म्हटले, "शकुन, इतके दिवस थांबलीस, अजून आठ दिवस थांब. अर्धवट काम झालेले असताना मशीन नेलीस तर पेटी कोणासाठी करायची?" तिने क्षणभर मशीनकडे पाहिले आणि म्हणाली, "बरं मामा." एका शब्दाने वाद घातला नाही. तिला माझा मुद्दा पूर्णपणे पटला.

तोवर हाताने शिवत जा, असाही सल्ला मी तिला दिला. यंत्राच्या टाक्याला मन नसते. परत जाताना ती रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मी स्वतः केलेला एक चौरंग तिला दिला आहे. तो देवापुढे ठेव.

फळ्या सोमवारी कापून झाल्या. आता फक्त खिळे.

तुझा,
खुशालराव

ता. क. तू वहिनीबद्दल जे लिहिलेस ते मी तिला वाचून दाखवले. ती तिळगूळ घेऊन आत गेली.


अकोला
२७ जानेवारी १९६०

ती. दादांस नमस्कार.

चौरंग पोचला. त्याचे तीन पाय जमिनीला लागतात. कोणते तीन, ते तो रोज ठरवतो.

शकुनने तो अमरावतीपासून इथपर्यंत मांडीवर धरून आणला. बडनेऱ्याला गाडी बदलताना डोक्यावर घेतला. मशीनही अशीच आणली असती, दादा. घरी आली, चौरंग खाली ठेवला, हातपाय धुतले, भाकरी केल्या, आजीला जेवू घातले. मग माझ्याकडे पाठ करून बसली आणि रडली. माझी मुलगी वडील गेले त्यानंतर पहिल्यांदा रडली, आणि ती तुमच्या चौरंगासाठी.

हाताने शिवलेले परीक्षेत चालत नाही. तसे तिथे छापील कागदावर लिहिले आहे. तुम्ही कचेरीतले, छापील कागदाला तुम्ही तरी मान द्याल असे वाटले होते. आता मी मशीन मागणार नाही.

कौशल्या


अमरावती
१० फेब्रुवारी

कौशल्याबाईस पार्बताबाईचा रामराम.

मी चवथीपावतर शिकली, अक्षर समजून घ्या. हे पत्र यायले, तुमच्या दादाले, ठाऊक नाई. तुमी बी सांगू नका.

पेटी झाली. वरून हात फिरवला तं लय गुळगुळीत लागते. पन मशीन तिच्यात जाऊन नाई राह्यली. लांबीत बी कमी, रुंदीत बी कमी. कावून, तं मशीन मोजली यायच्या वितेनं. अन् त्या सोमवारी, शकुन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, यायनं खुंटी पुन्हा ठोकाले डाव्या हातानं हातोडी मारली थे खुंटीवर नाई, उजव्या आंगठ्यावर बसली. आंगठा असा सुजला का वीतच होईना. फळ्या तं कापाच्या होत्या. मंग मले बलावलं, म्हने, "तू वीत धर, मी खुना करतो." मी म्हनलं, माहा हात लहान हाय. तं म्हने, "वीत म्हनजे वीत, त्यात लहान मोठी काय असते?" मी वीत धरली. बोरूचं म्हनून तुमाले लिवलं ना, थो आंगठाच होता.

आता सात दिवस झाले, त्या खोलीत पाय टाकून नाई राह्यले. पेटीचं इचारलं का म्हनते, "वाळू दे." काय वाळू दे, देव जाने.

शकुन त्या रविवारी जाताना दारात मले म्हनली, "मामी, मले राग नाई आला." तवा मले लय राग आला. म्या आजवर यायले कधी उलटून बोलली नाई, आता बी नाई बोलली. काल दुपारी हे झोपले, तवा मशीन जुन्या गोधडीत बांधली. लुगड्याच्या काठाचे दोन बंद शिवले, धराले. घंटाभर बी नाई लागला. नत्थुजीची बायको मैना उद्या भाच्याच्या बारशाले अकोल्याले जाते, तिच्यासंगं मशीन अन् हे पत्र धाडून राह्यली. मशीनच्या जागी मी माहा मसाल्याचा पाटा ठेवला, अन् वरून तेच फडकं टाकलं. मसाला शेजारी वाटते म्हना.

शकुनले म्हना शिवून घे. सुई मोडली तं मोडू दे, दोन नव्या गोधडीच्या कोपऱ्यात खोचल्या हायेत.

पार्बताबाई


राजापेठ, अमरावती
२५ फेब्रुवारी १९६०

चि. कौशल्या,

आशीर्वाद. तुझे जानेवारीचे पत्र जरा तिखट होते. मी मनावर घेतले नाही.

एक निर्णय कळवायचा आहे. शकुनच्या परीक्षेची निकड लक्षात घेऊन मशीन पुढे पाठवण्यात आली आहे. एव्हाना पोचली असेल. पेटी पूर्ण झाली आहे आणि मापाला अगदी अचूक आहे. मशीन थोडी मोठी निघाली. पूर्वीच्या काळी या वस्तू प्रमाणाबाहेर करीत असत.

पेटीचे काम वाया गेलेले नाही. तुझ्या वहिनीचा मसाल्याचा पाटा तिच्यात नेमका बसतो. तो मला मधल्या खोलीत अचानक सापडला. बसवून बघितला. वहिनी चुलीपाशी होती, मी तिला काही विचारले नाही आणि तिनेही काही सांगितले नाही. त्या दिवशी वरणात मसाला नव्हता.

मशीन पोचल्याचे कळव.

तुझा,
खुशालराव


अकोला
४ जुलै १९६०

ती. दादांस नमस्कार.

मशीन पोचल्याचे तेव्हा कार्डाने कळवले होते, ते मिळाले असेल. तुमचा निर्णय फार योग्य होता. वेळेवर घेतलात.

निकाल लागला. शकुनचे नऊही कपडे झाले, शेवटचा सदरा परीक्षेच्या आदल्या सकाळी. सोळा मुलींत ती दुसरी आली. काकांना मी स्वतः जाऊन सांगितले. ते म्हणाले, "मंग त्या मानसाले काय सांगू?" मी म्हटले, सांगा की मुलगी नोकरीला लागली. दादा, हे वाक्य म्हणताना मला जे वाटले ते लिहिता येत नाही.

चांदूर बाजारच्या मुलींच्या शाळेत तिला शिवणबाई म्हणून घेतले. चोवीस जूनला ती गेली. तिथे शाळेजवळच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली मिळाली आहे. मशीन सोबत नेली. वहिनींच्याच गोधडीत, त्यांच्याच बंदांनी धरून, मोटारीत मांडीवर.

आता एक गोष्ट लिहू की नको असे दोन दिवस मनात होते. लिहितेच. अमरावतीला तिला मोटार बदलायची होती. मधे तास दीड तास होता, राजापेठ कितीसे दूर? मी निघताना म्हटले होते, मामा-मामींना भेटून जा. ती भेटली नाही, मोटारतळावरच बसून राहिली. पोचल्याच्या पत्रात मी का म्हणून विचारण्याआधी तिनेच लिहिले आहे. मामीला भेटायचे मनात होते, पण मशीन सोबत होती, आणि मामा म्हणतील, "थांब शकुन, पेटी करतो."

वाचून मला आधी हसू आले. मग तुमच्यासाठी वाईट वाटले. रागावू नका.

तुमची,
कौशल्या


राजापेठ, अमरावती
२० जुलै १९६०

चि. कौशल्या,

आशीर्वाद. तुझे पत्र मी तीनदा वाचले. मला हसू आले नाही. माझी भाची माझ्या गावात दीड तास बसून राहिली आणि माझ्या भीतीने माझ्या घरी आली नाही, हे मला फार लागले. मशीन मी पाठवलेली नव्हती. ते तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे. आता लिहून टाकले, बरे वाटले.

रविवारी मी चांदूर बाजारला गेलो. तुझ्या वहिनीने शेवया आणि लोणचे दिले. मी केलेली एकही वस्तू सोबत नेली नाही. मोटारीत बसल्यावर वहिनी खिडकीशी येऊन म्हणाली, "पोरीले काई शिकवू नका."

शकुन दारात मला बघून दचकली. पहिल्यांदा तिने माझ्या हातांकडे पाहिले, मग माझ्याकडे. पाया पडली. खोली लहान आहे, पण लखलखीत. शाळेतल्या सहा मुलींना झेंडावंदनासाठी पोलकी हवी आहेत, मुलींचे कापड, हिची शिलाई. त्यांतले एक मशीनवर होते. चहा झाल्यावर ती पुन्हा शिवायला बसली. हातमशीन असल्याने एका हाताने हँडल फिरवायचे आणि एकाच हाताने कापड सांभाळायचे, आणि बाहीचा गोल काही केल्या जमेना. दोनदा उसवून झाल्यावर ती खाली मान घालूनच म्हणाली, "मामा, हँडल फिरवता काय? मले दोनी हात पाह्यजे."

मी फिरवले. ती "हळू" म्हटली की हळू, "थांबा" म्हटली की थांबा. असे दोन तास. तेवढ्या वेळात मी स्वतः काहीही केले नाही. जे झाले ते तिने केले. तीन पोलकी झाली. सगळ्यांच्या बाह्या सारख्या. कौशल्या, खोटे कशाला लिहू, खुंटीच्या वेळी झाले नव्हते असे काहीतरी मला त्या दिवशी झाले. त्याला काय म्हणतात ते मी आता लिहिणार नाही.

पूर्ण दोन तास मी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त शेवटी शेवटी एकदा म्हणालो, "शकुन, या हँडलला एक चांगली लाकडी मूठ असती तर..."

तिने कापडावरचे दोन्ही हात थांबवले आणि वर पाहिले.

मी पुन्हा फिरवू लागलो.

तुझा,
खुशालराव